सणाचे वेष्टन आणि घामाचे मोल

ब्रिटनमध्ये नाताळची रोषणाई उतरते न उतरते तोच दुकानांच्या फडताळांवर ईस्टरसाठीची चॉकलेटची अंडी येऊन बसतात. ईस्टर मार्चच्या अखेरीस असो वा एप्रिलच्या; ‘क्रीम एग’ नावाच्या अंड्याचा हंगाम १ जानेवारीलाच सुरू होतो. ईस्टर सरला की काही महिने उसंत. मग पावसाळी थंडीचे दिवस लागतात न लागतात तोच नाताळचे पत्र्याचे डबे, चॉकलेटचे सांताक्लॉज आणि डिसेंबरच्या प्रत्येक दिवसासाठी एकेक खिडकी उघडायची ती चॉकलेटची दिनदर्शिका यांची चळत उभी राहते. सण दोन, एक ख्रिस्तजन्माचा, दुसरा ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा. श्रद्धावान ख्रिस्ती माणसासाठी वर्षातील हे सर्वांत पवित्र दिवस. मात्र या दिवसांचे पंचांग आता चर्चमध्ये ठरत नाही, ते चॉकलेट कंपन्यांच्या विक्री विभागात ठरते.

कोणी म्हणेल, त्यात एवढे बिघडले काय? मुलांच्या हाती गोड खाऊ पडतो, आप्तेष्टांना भेट जाते, चार माणसे आनंदित होतात. हा आनंद खोटा नाही आणि कोणाच्या सणाला नाक मुरडण्याचेही कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. भेट देणारा माणूस वेष्टनाचा रंग पाहतो, डब्याचा आकार पाहतो, किंमत पाहतो. पण ती वस्तू कोणाच्या हातून आली आणि त्या हाताला काय मिळाले, हे पाहत नाही. सणाच्या नावाने दिलेल्या भेटीत हे पाहणे आवश्यक नाही काय?

सण न पाळणाऱ्यांनी घडविलेली भेट

ईस्टरला अंडे देण्याची प्रथा जुनी आहे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात पूर्वी अंडी वर्ज्य असत. उपवास संपला की साठलेली अंडी रंगवून एकमेकांना दिली जात. अंडे हे नव्या जीवनाचे प्रतीक, म्हणून त्याला धार्मिक अर्थही चिकटला. चॉकलेटचे अंडे मात्र फार अलीकडचे. ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने ते १८७३ मध्ये बाजारात आणले आणि पाठोपाठ १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या कॅडबरीने.

या कथेत एक विलक्षण विसंगती दडलेली आहे. फ्राय, कॅडबरी आणि यॉर्कचे राउंट्री ही तिन्ही घराणी क्वेकर पंथाची. ईश्वराचे सर्व दिवस सारखेच पवित्र, ही या पंथाची परंपरागत शिकवण. त्यामुळे नाताळ किंवा ईस्टर हे दिवस वेगळे काढून साजरे करण्याची चाल त्यांच्यात नव्हती. दारूच्या व्यसनाला पर्याय म्हणून कोकोचे पेय लोकप्रिय करावे, असा सद्हेतू या मंडळींच्या उद्योगामागे होता. साधेपणा हे ज्यांचे व्रत, त्यांच्याच कारखान्यांतून सणाच्या उधळपट्टीचे सर्वांत झगझगीत प्रतीक बाहेर पडले!

२०१७ मध्ये या विसंगतीचा एक गमतीदार अध्याय घडला. ब्रिटनमधील ‘नॅशनल ट्रस्ट’ आणि कॅडबरी यांच्या मुलांसाठीच्या ‘अंडी शोधा’ उपक्रमाच्या नावातून ‘ईस्टर’ हा शब्द वगळला गेला, म्हणून यॉर्कचे आर्चबिशप जॉन सेंटामू संतापले. कॅडबरीच्या संस्थापकाच्या कबरीचाच हा अवमान आहे, अशा आशयाची कठोर टीका त्यांनी केली. पंतप्रधान थेरेसा मे यांनीही या प्रकाराला हास्यास्पद ठरविले. आयोजकांनी खुलासा केला की, ईस्टरचा उल्लेख जाहिरातीत इतरत्र आहेच. वाद शमला. परंतु संस्थापक जॉन कॅडबरी स्वतः क्वेकर होते आणि ईस्टर साजरा करण्याची त्यांच्या पंथाची रीतच नव्हती, हे त्या गदारोळात फार थोड्यांच्या लक्षात आले. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, वेष्टनावर कोणता शब्द छापावा यासाठी एवढा गजर झाला. वेष्टनाच्या आत जे होते, त्याच्या उगमाविषयी मात्र त्यात चकार शब्द नव्हता.

एका फार्दिंगची नुकसानभरपाई

या उगमाचा इतिहास विसरता येण्याजोगा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅडबरीच्या कोकोचा मोठा हिस्सा आफ्रिकेच्या पश्चिमेकडील साओ टोमे आणि प्रिन्सिपे या बेटांवरून येत असे. ही बेटे पोर्तुगालच्या ताब्यात होती. त्याच पोर्तुगालच्या, ज्याच्या जोखडातून गोमंतक १९६१ मध्ये मुक्त झाला. कागदोपत्री तेथे गुलामगिरी संपलेली होती. प्रत्यक्षात अंगोलातून माणसे धरून आणली जात, त्यांच्याकडून पाच वर्षांच्या करारावर अंगठा घेतला जाई आणि त्यांतील जवळजवळ कोणीही मायदेशी परतत नसे.

विल्यम कॅडबरी यांच्या कानी हे १९०१ मध्ये आले. १९०५ मध्ये कंपनीने जोसेफ बर्ट यांना चौकशीसाठी धाडले. हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने स्वतः त्या वाटा तुडवून १९०६ मध्ये हे सारे ग्रंथरूपाने जगापुढे मांडले. तरीही खरेदी चालूच राहिली. गुलामगिरीविरुद्ध ब्रिटिश पार्लमेंटकडे १७८३ मध्ये पहिला मोठा अर्ज ज्या पंथाने केला, त्याच पंथाचे हे कारखानदार होते! अखेर मार्च १९०९ मध्ये तिन्ही क्वेकर कंपन्यांनी त्या बेटांचा कोको घेणे थांबविले. सत्य कळल्यापासून ते कृतीपर्यंत आठ वर्षे गेली.

दरम्यान ‘स्टँडर्ड’ या वृत्तपत्राने १९०८ मध्ये या दुटप्पीपणावर बोट ठेवले. कॅडबरीने अब्रुनुकसानीचा दावा गुदरला. १९०९ च्या अखेरीस बर्मिंगहॅममध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या गावात, खटला चालला. पंचांनी निकाल कंपनीच्या बाजूने दिला आणि नुकसानभरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा चौथा भाग! त्या एका फार्दिंगमध्ये पंचांनी सर्व काही सांगून टाकले. तुमची बदनामी झाली हे कायद्याने खरे. पण तुमच्या अब्रूचे मोल एवढेच.

या इतिहासात एक आशादायक धागाही आहे. मोठा खरेदीदार ठाम उभा राहिला की व्यापाराची दिशा बदलते. कॅडबरीची खरेदी पुढे गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे, वळली. तेथे मळेवाल्यांऐवजी लहान शेतकरी स्वतःच्या जमिनीत कोको लावीत होते. मग प्रश्न सुटला काय?

गालिच्याला एक न्याय, चॉकलेटला दुसरा

दुर्दैवाने उत्तर नकारार्थी आहे. आज घाना आणि आयव्हरी कोस्ट हे दोन देश मिळून जगातील निम्म्याहून अधिक कोको पिकवितात. शिकागो विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ‘नॉर्क’ या संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०१८-१९ च्या हंगामात या दोन देशांतील कोकोच्या शेतीत सुमारे १५ लाख ६० हजार मुले बालमजुरी करीत होती. कोयत्याने फळे फोडणे, न पेलणारी ओझी वाहणे, कीटकनाशकांच्या फवाऱ्यात वावरणे ही त्यांची कामे. यांतील बहुसंख्य मुले आपल्याच आईबापांच्या शेतात राबतात. शेजारच्या बुर्किना फासो आणि माली या देशांतून फसवून आणलेली मुलेही सापडली आहेत. पण मूळ दुखणे दारिद्र्याचे आहे. ज्या बापाला मजूर लावणे परवडत नाही, तो पोराच्या हाती कोयता देतो.

पाश्चात्त्य जगाला हे ठाऊक नव्हते असे नाही. येथेच त्या जगाचा दुटप्पीपणा उघडा पडतो. अमेरिकन सिनेटर टॉम हार्किन यांनी १९९२ मध्ये बालमजुरांनी बनविलेल्या मालाची आयात रोखणारे विधेयक मांडले. ते कायद्यात उतरले नाही; पण नुसत्या धास्तीने बांगलादेशातील कपड्यांच्या कारखान्यांनी हजारो मुलांना एका झटक्यात रस्त्यावर आणले. त्याच दशकात भारतीय गालिच्यांवर पाश्चात्त्य ग्राहकांचा रोख होता. १९९४ पासून ‘रगमार्क’ ही खूण लावून बालमजूरमुक्त गालिचे विकले जाऊ लागले. भदोहीच्या मागावरील मुलाची सुटका होणे योग्यच होते. त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही.

परंतु चॉकलेटची पाळी आली तेव्हा काय घडले? जून २००१ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने २९१ विरुद्ध ११५ मतांनी एक दुरुस्ती संमत केली. चॉकलेट गुलामीमुक्त असल्याची खूण वेष्टनावर असावी, यासाठीची यंत्रणा उभारण्याची त्यात तरतूद होती. चॉकलेट उद्योग हादरला, त्याचे वकील-वशिलेदार कामाला लागले आणि सिनेटच्या दारी पोहोचण्यापूर्वीच कायद्याची जागा एका ऐच्छिक कराराने घेतली. सप्टेंबर २००१ चा हा हार्किन-एंगल करार. बालमजुरीचे निकृष्टतम प्रकार २००५ पर्यंत संपवू, असे वचन कंपन्यांनी दिले. २००५ उलटले, मुदत २००८ झाली, मग २०१०, मग उद्दिष्टच सौम्य करून २०२०. त्या २०२० मध्ये वर दिलेला १५ लाख ६० हजारांचा आकडा बाहेर आला. गालिच्याला खूण आणि चॉकलेटला केवळ वचन, हा कोणता न्याय? गालिचा विणणारा गरीब देश होता आणि चॉकलेट विकणारे स्वतःच होते, याखेरीज दुसरे उत्तर सापडत नाही.

न्यायालयांचे दारही ठोठावून झाले. माली येथील सहा तरुणांनी, लहानपणी आपल्याला आयव्हरी कोस्टच्या मळ्यांत गुलामासारखे राबविले गेले, अशी तक्रार घेऊन अमेरिकेत दावा लावला. जून २०२१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने नेस्ले आणि कारगिल या कंपन्यांना मोकळे केले. कंपन्यांचे अमेरिकेतील वर्तन दाव्यासाठी पुरेसे नाही, हे कारण. म्हणजे मजुरी आफ्रिकेत, नफा अमेरिका-युरोपात आणि उत्तरदायित्व कोठेच नाही!

सशाच्या सोनेरी रंगाची काळजी

चॉकलेट कंपन्यांना न्यायालयाचे वावडे आहे, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. स्वित्झर्लंडची लिंट कंपनी १९५२ पासून ईस्टरसाठी सोनेरी कागदात गुंडाळलेला चॉकलेटचा ससा विकते. त्या सोनेरी छटेवर आपलाच हक्क आहे, यासाठी ती जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत लढली आणि जुलै २०२१ मध्ये जिंकली. २०२२ मध्ये स्विस सर्वोच्च न्यायालयाने प्रतिस्पर्धी लिडल कंपनीला तशाच दिसणाऱ्या सशांची विक्री थांबवून उरलेला माल नष्ट करण्याचा आदेश दिला. कागदाची छटा कोणाची, हे दोन देशांच्या सर्वोच्च न्यायालयांनी बारकाईने तपासले. सशाच्या आतील कोको कोणी वेचला, हा प्रश्न त्या न्यायासनांपुढे आलाच नाही.

ग्राहकाच्या वाट्याला तरी काय येते? अमेरिकेच्या क्राफ्ट कंपनीने फेब्रुवारी २०१० मध्ये कॅडबरी विकत घेतली. फ्राय घराण्याचा वारसा सांगणारा सॉमरडेलचा कारखाना चालू ठेवू शकू, असे खरेदीपूर्वी सांगितले गेले. ताबा मिळताच आठवड्याभरात तो बंद करण्याची घोषणा झाली. ब्रिटनच्या नियामक मंडळाने क्राफ्टवर जाहीर ठपका ठेवला. कारखाना मात्र २०११ मध्ये बंद पडला आणि उत्पादन पोलंडला गेले. २०१५ मध्ये ‘क्रीम एग’च्या कवचाचे चॉकलेट बदलले आणि सहाच्या पाकिटात पाच अंडी आली. २०१६ मध्ये कॅडबरीने ‘फेअरट्रेड’ची स्वतंत्र खूण सोडून स्वतःच्या मूळ कंपनीची योजना पुढे केली; परीक्षार्थीनेच स्वतःची उत्तरपत्रिका तपासावी, तसा हा प्रकार.

मग २०२४ आले. रोगराई आणि बिघडलेले हवामान यांमुळे पश्चिम आफ्रिकेतील पीक घटले आणि कोकोचा जागतिक भाव टनाला १० हजार डॉलरच्या वर गेला. वेष्टने आकसली, किमती चढल्या. ग्राहकाला वाटले, चला, निदान शेतकऱ्याचे दिवस पालटले असतील. तसेही झाले नाही. घाना आणि आयव्हरी कोस्ट येथे शेतकऱ्याचा भाव सरकार हंगामारंभी ठरविते. त्यामुळे बाजारातील तेजीचा पुरता लाभ त्याच्यापर्यंत पोहोचला नाही आणि रोगाने झाडे गेल्याने विकण्यास माल कमी, ही व्यथा वेगळीच. एरवीही चॉकलेटच्या वडीच्या किमतीतील सहा-सात टक्क्यांच्या आसपासच रक्कम कोको पिकविणाऱ्याला मिळते, असा अभ्यासकांचा अंदाज सांगितला जातो. उरलेले सारे वाटेत मुरते.

प्रश्न आपल्याही दारी

हे सारे दूर देशीचे आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणून पान उलटण्याची सोय महाराष्ट्रातील वाचकाला नाही. कॅडबरी भारतात १९४८ मध्ये आली. ठाण्यातील एका चौकाला आज तिचेच नाव आहे. ऑक्टोबर २००३ मध्ये मुंबईत चॉकलेटच्या वड्यांत अळ्या सापडल्याच्या तक्रारी झाल्या, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. आणि पुढच्याच वर्षी अमिताभ बच्चन यांना पुढे करून ‘कुछ मीठा हो जाए’ हा मंत्र घरोघरी पोहोचविला गेला. राखीपौर्णिमेला नारळीभाताच्या आणि दिवाळीला करंजीच्या ताटाशेजारी जांभळा डबा येऊन बसला, तो असा. युरोपात ईस्टरच्या अंड्याचे जे झाले, त्याच वाटेने आपला सण चालला आहे. शेजाऱ्याच्या सणाचा बाजार झाला म्हणून हसण्याचा अधिकार त्यामुळे आपल्याला नाही.

आता मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय घरांतही डिसेंबरमध्ये कार्यालयातील सहकाऱ्यांना, ख्रिस्ती शेजाऱ्यांना, शाळेतील मुलांना चॉकलेटचे डबे दिले जातात. लंडन-बर्मिंगहॅममध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर नाताळ आणि ईस्टर, दोन्ही हंगामांत ही खरेदी टाळता येत नाही. शेजारधर्म म्हणून भेट द्यावी, अवश्य द्यावी. मात्र ती डोळसपणे द्यावी.

गोमंतकाने या बाबतीत एक सुंदर धडा घालून दिलेला आहे. तेथे नाताळात ख्रिस्ती घरांतून नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बेबिंका यांचे ताट हिंदू शेजाऱ्याकडे जाते आणि चतुर्थी-दिवाळीला हिंदू घरातले फराळाचे ताट ख्रिस्ती शेजाऱ्याकडे येते. दोन्ही ताटांत नारळ, गूळ, तांदूळ तोच; माती तीच. गोव्यात आणि मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत ईस्टरची अंडीही काजू-बदामाच्या वाटणातून, साच्यात दाबून घरी केली जात आली आहेत. घरच्या बाईच्या मनगटातले कसब आणि शेजाऱ्याविषयीचा जिव्हाळा त्यात असतो. परदेशी कंपनीचा चकचकीत डबा या ताटाची जागा घेतो, तेव्हा तोटा एकट्या ख्रिस्ती समाजाचा होत नाही. तो साऱ्या गोमंतकीय जीवनाचा होतो.

निवड डोळसपणे

‘चॉकलेट घेणेच सोडले तर त्या गरीब शेतकऱ्याचेच नुकसान होईल’, हा युक्तिवाद हमखास पुढे येतो. त्यात तथ्य आहे. म्हणूनच सरसकट बहिष्कार हे उत्तर नव्हे. उत्तर आहे जाणीवपूर्वक निवड. २००४ मध्ये डच पत्रकार ट्यून व्हॅन डे क्युकेन याने स्वतः चॉकलेट खाऊन, बालगुलामीच्या मालाचा जाणता ग्राहक म्हणून आपल्यावरच खटला भरावा, अशी मागणी केली. खटला उभा राहिला नाही; पण त्या खटपटीतून २००५ मध्ये शेतकऱ्याला वाढीव दर देण्याची हमी घेणारी एक कंपनी उभी राहिली. घानातील ‘कुआपा कोकू’ या शेतकऱ्यांच्या सहकारी संघाला १९९८ पासून ब्रिटनमधील ‘डिव्हाइन’ चॉकलेट कंपनीत मालकीचा वाटा मिळाला. इंग्लंडमधील काही ख्रिस्ती मंडळींनी २०१० पासून ‘फेअरट्रेड’ कोकोचे आणि सोबत ईस्टरची कथा सांगणारे अंडे बाजारात आणले. सणाचा अर्थ आणि श्रमाचा मोबदला, दोन्हींची आठवण एकाच भेटीत ठेवता येते, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्याकडे तर याहून समीपचे उदाहरण आहे. कर्नाटक-केरळातील सुपारी उत्पादकांनी १९७३ मध्ये मंगळूरला ‘कॅम्पको’ ही सहकारी संस्था स्थापन केली. १९८० च्या सुमारास कोकोचे भाव कोसळले आणि खरेदीदार कंपन्यांनी हात आखडते घेतले, तेव्हा शेतकऱ्यांचा कोको घेण्यास हीच संस्था पुढे सरसावली. एवढ्यावर न थांबता तिने १९८६ मध्ये पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेट कारखाना उभारला. पिकविणाराच प्रक्रिया करणारा आणि मालकही तोच, हा आदर्श आफ्रिकेतील शेतकऱ्याला आजही दुर्लभ आहे. आपल्या शेतकऱ्यांनी तो चार दशकांपूर्वी प्रत्यक्षात आणला. स्वदेशीचा अर्थ भाषणात शोधण्याची गरज नाही, तो पुत्तूरच्या त्या कारखान्यात सापडतो.

तेव्हा यंदाच्या नाताळात वा येत्या ईस्टरला भेट घेताना डबा उलटून पाहावा. घटकांच्या यादीत कोको बटर आहे की त्याची जागा स्वस्त वनस्पती तेलाने घेतली आहे, हे वाचावे. डबा केवढा आणि आतले वजन किती, हे ताडून पाहावे. कोको कोठला, तो कोणाकडून घेतला, शेतकऱ्याला काय मिळाले, हे जी कंपनी सांगू शकत नाही, तिच्या सोनेरी कागदाला भुलू नये. शक्य तेथे सहकारी संस्थेचा माल घ्यावा; आणि सर्वांत उत्तम म्हणजे घरी केलेल्या पदार्थांचे ताट घेऊन शेजाऱ्याचे दार स्वतः ठोठवावे.

१९०९ मध्ये कंपन्यांना जाग यायला आठ वर्षे लागली. २००१ चे वचन दोन दशकांनंतरही अपुरेच राहिले. कंपन्यांना केवळ एकच भाषा कळते, ती विक्रीच्या आकड्यांची. आणि सणाचा हंगाम हाच त्या आकड्यांचा कणा आहे. म्हणजे सणाच्या दिवसांत सामान्य गृहिणीच्या हातातील पिशवीत जे बळ असते, ते कोणत्याही करारात नसते. ज्या भेटीमागे एखाद्या लेकराच्या हातावर कोयत्याची खूण उमटलेली असेल, ती भेट कोणत्याच धर्माच्या सणाला शोभणारी नाही. हे ओळखून हे बळ वापरणे, हे प्रत्येक घराच्या हाती आहे.